बाबांनी घातलेला बांध

आमच्या घरामागच्या ओढ्याला नाव नव्हतं. निदान कुणी ते घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. आयर्लंडमधल्या नास गावाबाहेरच्या त्या रस्त्यावर सहा घरं होती आणि सहाही घरांतली माणसं त्याला नुसतं 'ओढा' म्हणायची. उन्हाळ्यात त्यात माझी पोटरीसुद्धा बुडत नसे. आम्ही ते घर घेतलं ते खरं तर त्याच्याचमुळे. आईला नासच्या हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली होती, बाबांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस ब्लँचर्डस्टाउनला होतं आणि तोवर आम्ही ॲडम्सटाउनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. घर पाहायला गेलो त्या दिवशी बाबा मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले, बराच वेळ पाण्याचा आवाज ऐकत राहिले आणि मग आईला म्हणाले, "अनघा, इथं झोप चांगली लागेल." बाबा नागपूरचे. उन्हाळ्यात कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत मोठा झालेला माणूस. घरामागून फुकट वाहणारं पाणी म्हणजे त्यांना चैन वाटली तर नवल नव्हतं. आई पुण्याची. ती म्हणाली, "आणि पाऊस पडला की?" घर दाखवणारा माणूस हसून म्हणाला, की ओढा घरापासून उलट्या दिशेला वाहून जातो.

पहिल्यांदा पाणी घरात आलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आम्ही ॲडम्सटाउनला मंडळाच्या दिवाळीसाठी गेलो होतो आणि पाऊस फार म्हणून तिथेच मुक्काम केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, बाबांनी पुढचं दार उघडलं आणि माझा शाळेचा एक बूट तरंगत आम्हाला सामोरा आला. पाणी तोवर उतरणीला लागलं होतं, पण भिंतीवर मांडीच्या उंचीला तपकिरी रेघ उमटली होती, अगदी पट्टीनं आखावी तशी सरळ. चिखलाचा वास येईल असं वाटतं, पण नुसत्या चिखलाचा तो वास नसतो. तिथे गावाबाहेरच्या घरांना आपापली सांडपाण्याची टाकी असते, आणि पूर आला की ती टाकीही पुरात सामील होते. आईनं मला दारातच थांबवलं. "हात कशालाही लावायचा नाही," ती म्हणाली, आणि हॉस्पिटलातून आणलेले हातमोजे गाडीतून काढून तिनं आधी मला चढवले, मग स्वतःला.

घर पुरातून परत मिळवणं म्हणजे आधी ते स्वतःच्या हातानं मोडणं, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. गालिचे गुंडाळून दोन माणसांनी उचलून फेकायचे, कारण ओल्या गालिच्याचं वजन एकट्याला पेलत नाही. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. स्वयंपाकघरातले आमचे सगळे प्रेस भुश्याच्या फळ्यांचे होते, ते चहात पडलेल्या खारीसारखे फुगून सुटे झाले. भिंती तिथे आतून पोकळ असतात. रेघेच्या वर हातभर उंचीपर्यंत त्या कापून काढल्या, तेव्हा आतला ऊब धरणारा कापूस पिळता येईल इतका भिजलेला निघाला. मग विमा कंपनीनं पाठवलेली यंत्रं आली. हवेतली ओल ओढून घेणारी चार आणि जमिनीलगत वारा सोडणारे सहा पंखे. ती दिवसरात्र चालायची. सुरुवातीला त्या घरघरीनं डोकं उठायचं. पुढे पुढे ती थांबली की मी दचकून उठायची. आजही शेजारच्या खोलीत फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की क्षणभर मला वाटतं, खाली अजून भिंती वाळताहेत.

पाच महिने आम्ही वरच्या मजल्यावर राहिलो. सगळ्यात लहान खोलीत इस्त्रीच्या टेबलावर विजेची एक शेगडी ठेवली, तेच स्वयंपाकघर. भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये घासायची. आईनं फोडणी टाकली की धुराचा अलार्म किंचाळायचा, म्हणून ती "आता" म्हणाली की मी खुर्चीवर चढून अलार्मखाली टॉवेल हलवत राहायचं, आणि त्या अर्ध्या मिनिटात तिनं मोहरी, हिंग, कढीपत्ता उरकायचा. पोहे, खिचडी, वरणभात, पुन्हा पोहे. रविवारी बाबा गोळाभात करायचे. डाळीचे गोळे वाफवायला एकच शेगडी असल्यानं जेवायला चार वाजायचे, पण त्यावर गरम तेलाची फोडणी ओतून पलंगाच्या कडेला मांडीला मांडी लावून जेवताना मला कधी कमी वाटलं नाही. कमी वाटत होतं ते बाबांना. पाण्याची रेघ होती तिथे ते रोज ऑफिसातून आल्यावर दोन टोचण्यांचं एक छोटं मीटर भिंतीच्या लाकडाला लावून ओल मोजायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. "बावीस. काल तेवीस होतं." आम्ही वरून "छान!" म्हणायचो.

शेजारच्या घरात मॉरीन राहायची. ओढा आधी आमच्या मागे वाकायचा आणि मग तिच्या मागून पुढे जायचा. वय सत्तरीच्या आसपास, एकटी, आणि पुढच्या पायानं लंगडणारा एक म्हातारा कुत्रा. तिनं तीस वर्षं त्या भागात शाळेची बस चालवली होती, त्यामुळे रस्त्यानं जाणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला ती "तू मागच्या सीटवर बसून सँडविच फेकायचास" असं काहीतरी ऐकवू शकत असे. बोलायचं सगळं इंग्रजीतच, अर्थात; मी इथे मराठीत लिहिते आहे. बाबांचं तिच्याशी बोलणं माझ्या कानाला नेहमी 'तुम्ही' असं ऐकू यायचं आणि तिचं बाबांशी 'तू', म्हणून तसंच लिहिते. पहिल्या पुरात तिचं घर कोरडं राहिलं होतं. तिची जमीन आमच्याहून वीतभर उंच. पाणी वाकणावर काठ ओलांडून आमच्या अंगणात पसरलं आणि तिथेच त्याची सगळी मस्ती जिरली. त्या पाच महिन्यांत दर शुक्रवारी ती आमचे मळके कपडे घेऊन जायची आणि शनिवारी घड्या घालून आणून द्यायची. आईनं आभार मानले की म्हणायची, "ग्रँड, ग्रँड." म्हणजे ठीकच आहे, काही हरकत नाही. तिथे सगळंच ग्रँड असतं. पाऊस ग्रँड, मोडलेला पाय ग्रँड, मेलेली गाडीसुद्धा ग्रँड.

घर उभं राहिलं, नवे गालिचे आले, आणि दुसऱ्याच आठवड्यात विमा कंपनीचं पत्र आलं, की यापुढे पुराची जबाबदारी ते घेणार नाहीत. फक्त आमचीच नाही. त्या रस्त्यावरच्या सगळ्याच घरांना ती पत्रं आली. मॉरीनलाही, जिच्या घरात थेंब शिरला नव्हता. तिनं ते पत्र आमच्या दारात उभं राहून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि कुत्र्याला घेऊन फिरायला गेली. बाबा मात्र हादरले. "म्हणजे पुढच्या वेळी आपण आणि आपलं नशीब," ते म्हणाले. त्यांनी पंधरा वर्षं राबून ते घर घेतलं होतं. आता माझं वय त्या वेळच्या बाबांच्या वयाजवळ येत चाललं आहे, आणि त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी पत्र पुन्हा पुन्हा वाचणारा तो माणूस मला आठवतो तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो. तेव्हा मी कानात गाणी घालून बसले होते.

त्या उन्हाळ्यात बाबांनी बांध घातला. रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आणले, ते आमच्या अंगणाच्या काठानं उभे रोवले, मागे चिकणमाती ठोकून बसवली आणि वरून गवत लावलं. सगळं स्वतःच्या हातानं, शनिवार-रविवारी. ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बाबांच्या तळहाताला घट्टे पडले, ते त्यांनी मला अभिमानानं दाखवले. वाकणापासून ते मॉरीनच्या कुंपणापर्यंत, माझ्या छातीइतका उंच. परवानगी लागते का, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. मॉरीन एकदा येऊन पाहून गेली. काटेरी झुडपांच्या कुंपणापलीकडे उभी राहून ती म्हणाली, "सुहास, छान काम केलंस. पण तुझ्याकडे यायचं ते पाणी आता कुठे जाईल?"

"पुढे निघून जाईल," बाबा म्हणाले. "ओढ्यातच राहील."

"राहील का?" ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. आई आत ओट्याशी होती. खिडकी उघडी होती. रात्री जेवताना तिनं विचारलं, "ती म्हणाली त्याचा विचार केलास का, सुहास?" बाबा म्हणाले, "तिची जागा उंच आहे. काही होत नाही." आणि विषय संपला. आम्हा तिघांनाही तो संपायला हवाच होता.

दुसरा पूर रविवारी सकाळी आला. तीन दिवस सलग पाऊस झाला होता. अकराच्या सुमाराला मी वरच्या खिडकीत उभी होते. ओढा बांधाच्या निम्म्याच्या वर चढला होता, दाट चहाच्या रंगाचा, फांद्या आणि एक निळं पिंप घेऊन धावणारा. आणि आमच्या अंगणात एक थेंब नव्हता. बाबा खाली व्हरांड्यात उभे राहून नागपूरला काकांना व्हिडिओवर दाखवत होते. "हे पाहून घे. मागच्या वर्षी इथं मांडीएवढं होतं. आता पाय ओले नाही होऊन राहिले!" त्यांचा आवाज इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी हसत होते. मग माझं लक्ष बांधाच्या टोकाकडे गेलं. तिथे, बांध संपत होता तिथे, पाणी एकदम वळत होतं. मॉरीनच्या कुंपणाची झुडपं मुळापासून हलत होती, वाऱ्यानं हलतात तशी नव्हे. मग त्यांच्यामधून पाणी बाहेर आलं आणि तिच्या हिरवळीवर पसरत सरळ तिच्या मागच्या दाराकडे निघालं.

मी धावत खाली आले. "बाबा, पाणी मॉरीनकडे चाललंय."

"थांब, काकांशी बोलून राहिलो ना."

"बाबा, तिच्या दारात गेलंय!"

"तिकडे उंच आहे, केतकी. नाही जाणार," ते म्हणाले, आणि फोनकडे पाहून पुन्हा हसले. पण त्यांनी कुंपणाकडे बघितलं नाही. मला अजून तेच आठवतं, की त्यांनी मान वळवली नाही.

मी गमबूट घालून पुढच्या रस्त्यानं तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं. मॉरीन स्वयंपाकघरात घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, कुत्र्याला तिनं टेबलावर बसवलं होतं आणि ती भिंतीतल्या जुन्या प्रेसचे खण एकेक करून ओढून वर ठेवत होती. खालचा सगळ्यात मोठा खण फुगून अडकला होता. "केट, ये, तुझे हात तरुण आहेत," ती म्हणाली. केतकी तिला कधी जमलं नाही. दोघींनी मिळून ओढला तेव्हा तो निघाला, पाण्यानं भरलेला. आत पत्रं होती. बसमधल्या मुलांनी दर नाताळला तिला दिलेली, हातानं केलेली शुभेच्छापत्रं, तीस वर्षांची. स्केचपेनची शाई विरघळून सगळ्यांचा मिळून एक जांभळा लगदा होत होता. तिनं वरचं एक उचललं, त्यावरचं पाणी निथळू दिलं आणि नाव वाचायचा प्रयत्न केला. तेवढ्यात बाबा दारात आले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सोफ्याचं एक टोक धरलं. "तुम्ही दुसरं टोक धरू नका, पाठ धरेल," ते तिला म्हणाले. "केतकी, आईला बोलाव."

मॉरीनच्या घरी कुठलीही कंपनी यंत्रं घेऊन येणार नव्हती. बहिणीकडे कॉर्कला जा म्हटलं तर ती म्हणाली, या कुत्र्याला तिकडचा जिना चढता येत नाही आणि मी घर ओलं सोडून जाणार नाही. तेव्हा आईनं सरळ तिची बॅग उचलली. "आमची खालची खोली रिकामी आहे. कुत्रा पण चालेल," ती म्हणाली, आणि रुग्णाला सांगावं तशा सुरात पुढे म्हणाली, "यावर चर्चा नाही." अशी मॉरीन आमच्याकडे आली, ती पुढे चार महिने राहिली.

बाबांनी ऑफिसातून पंधरा दिवसांची रजा घेतली. काय करायचं ते त्यांना आता तोंडपाठ होतं. यंत्रं भाड्यानं आणली, भिंती कापल्या, कुजका कापूस पोत्यांत भरला, चिखल खरवडला, जंतुनाशकानं फरशी तीनतीनदा धुतली. सकाळी आठला जायचे ते अंधार पडताना परत यायचे, न बोलता जेवायचे आणि जेवतानाच डुलक्या घ्यायचे. पण जो शब्द बोलायला हवा होता तो सोडून ते सगळं करत होते. कुणी विषय काढला की म्हणायचे, "पाऊसच तसा झाला ना." आई एकदा भाजी चिरता चिरता माझ्यादेखत म्हणाली, "सुहास, पाऊस मागच्या वर्षीही असाच होता." बाबा उठून बाहेर गेले. मॉरीन आतल्या खोलीत होती. तिला मराठी समजत नव्हतं, पण दार जरा जोरात लागल्याचं समजायला भाषा लागत नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी शाळेतून येताना मी मॉरीनच्या घरी गेले. बाबा नवीन फळ्या आणायला गेले होते. तिच्या उघड्या पडलेल्या स्वयंपाकघरात काउंटी कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेचा, एक तरुण इंजिनिअर उंच बूट घालून, हातात फाइल घेऊन उभा होता. तो सगळ्या रस्त्यावर फिरून नोंदी करत होता. "तुमच्या घरात याआधी कधीच पाणी आलेलं नाही," तो मॉरीनला म्हणाला. "मग या वर्षी काय बदललं? ओढ्याच्या काठावर कुणी काही काम केलंय का?" खिडकीतून तिचं मोडलेलं कुंपण दिसत होतं, त्यापलीकडचा बांध झुडपांच्या आड होता. दोन पावलं बाजूला सरकला असता तर त्याला दिसला असता. मॉरीननं माझ्याकडे पाहिलं. माझे कान इतके तापले, की मला वाटलं त्यालाही ते दिसत असतील. "ओढा आहे तो," ती म्हणाली. "काठ ओलांडून आला. तू चहा घेणार का? दूध नाहीये, पण शेजारी मिळेल." त्यानं लिहून घेतलं आणि तो गेला.

मी विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

तिनं फरशीवरचा पंखा पायानं थोडा वळवला. "सांगून काय? तो कागद घेऊन गेला असता. मला तुमच्या शेजारीच राहायचंय, केट. सांगायचंच असेल तर ज्यानं सांगायचं त्यानं सांगावं."

बाबा आले तेव्हा मी आमच्या गाडीपाशीच उभी होते. फळ्या उतरवायच्या आधीच मी सगळं सांगितलं: तो माणूस काय म्हणाला, ती काय म्हणाली. "तिनं तुमचं नाव घेतलं नाही, बाबा," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. राग होता की काय होतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बाबा गाडीच्या उघड्या डिकीच्या कडेवर बसले. त्यांनी तळहातावरचे घट्टे अंगठ्यानं चोळले. मग म्हणाले, "त्या दिवशी तू सांगितलंस तेव्हाच मला समजलं होतं. फोन चालू होता, तुझे काका समोर होते... मला एक पाच मिनिटं जिंकल्यासारखं वाटत होतं गं." मग ते उठले. मी मागोमाग गेले. त्यांनी नको म्हटलं नाही.

मॉरीन उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली होती. यंत्रांच्या घरघरीत बाबांना मोठ्यानं बोलावं लागलं, आणि जी गोष्ट हळू बोलायची असते ती त्यांना जवळजवळ ओरडून सांगावी लागली. "तो बांध माझा आहे. पाणी माझ्यामुळे आलं. तुम्ही मला विचारलं होतं, तरी मी केलं." तिनं वाकून यंत्राचं बटण बंद केलं. एकदम शांतता झाली. बाबा पुन्हा म्हणाले, या वेळी हळू, "माझी चूक झाली."

मी वाट पाहत होते, की आता ती म्हणेल, ग्रँड. आई, बाबा, मी, आम्ही सगळेच मनातून त्या एका शब्दाची वाट पाहत होतो, हे मला तेव्हा कळलं.

"मला माहीत आहे, सुहास," ती म्हणाली. "पण मी आज तुला ग्रँड म्हणणार नाही. कारण ते तसं नाहीये. ही फरशी माझ्या नवऱ्यानं घातली होती. तू चांगला माणूस आहेस आणि मला तुझा राग आलाय. दोन्ही राहू दे थोडे दिवस." मग तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कुदळ घेऊन मागे गेले. त्यांनी बांधाच्या मॉरीनकडच्या टोकाला पहिला घाव घातला, तशी आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि आतून मॉरीनचा आवाज आला: "तिथून नको! वाकणाकडून सुरू कर. मध्येच पाऊस आला तर पुन्हा माझ्याकडेच पाठवशील." बाबा मुकाट्यानं वाकणाकडे गेले. जो बांध घालायला दोन महिने लागले तो काढायला चार दिवस पुरले. मधून मधून मी मदत केली. शेवटच्या दिवशी बाबांनी कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन, काय केलं होतं आणि काय काढलं, ते स्वतः लिहून दिलं. तिथल्या माणसानं त्यांना बरंच सुनावलं म्हणे. घरी येऊन ते म्हणाले, "बरं वाटलं."

मॉरीनचा राग किती दिवस टिकला हे मी मोजलं नाही. ती आमच्या टेबलाशी जेवायची, बाबांना मीठ द्यायची, पण त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. माझ्याशी आणि आईशी मात्र भरभरून. आईची रात्रपाळी असली की तिनं उकडलेला बटाटा आणि कोबी लोण्यात घोटून करावा आणि मी त्यावर गुपचूप लसणाची चटणी पेरावी. त्या भिजलेल्या पत्रांतली जेवढी वेगळी करता आली तेवढी आईनं टिपकागदात दाबली आणि आम्ही वरच्या लहान खोलीत दोऱ्या बांधून, चिमटे लावून वाळत घातली. बहुतेकांवरची शाई गेली होती. मॉरीन एकेक हातात घेऊन आकारावरून ओळखायची. "हा कापसाचा ससा... ही डॉक्टरची मुलगी, हिला बस लागायची." एका रविवारी बाबा गोळाभाताचं ताट घेऊन तिथे वर आले आणि दारातच घुटमळले. मॉरीननं ताट घेतलं, एक घास खाल्ला, आणि फोडणीतल्या मिरचीनं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बस," ती त्यांना म्हणाली. "हे पत्र धर. यावर काय लिहिलंय ते मला चष्म्यानंही दिसत नाही." बाबा जमिनीवर मांडी घालून बसले आणि उजेडाकडे पत्र धरून अक्षरं लावू लागले. मी खाली निघून आले.

त्यांच्या तिथल्या बसण्यातूनच पुढचं काम निघालं. मॉरीनचं म्हणणं होतं, की तुमचं घर पाण्याच्या वाटेत आहे तर ते पाण्याला चालेल असं करा. बाबांना हे आधी पटलं नाही, मग पटलं, मग त्यांनी त्याचा ध्यासच घेतला. नवेकोरे गालिचे काढून खाली सगळीकडे फरशी घातली. विजेची बटणं आणि सॉकेट माझ्या खांद्याएवढी वर नेली. भिंतीच्या खालच्या भागाला पाण्यानं न फुगणाऱ्या सिमेंटच्या फळ्या लावल्या. सांडपाण्याच्या नळाला उलटं पाणी येऊ न देणारी झडप बसवली. स्वयंपाकघरातले खालचे प्रेस गेले. त्या जागी पायांवर उभ्या असलेल्या स्टीलच्या मांडण्या आल्या, आणि आई म्हणाली, हे तर आमच्या पुण्याच्या घरासारखं दिसतंय. मॉरीनच्या दोन्ही दारांना बाबांनी खाचेत बसणाऱ्या फळ्या करून दिल्या. रस्त्याखालून ओढा जातो तिथल्या जाळीत अडकणारा पाला काढायला सहा घरांनी पाळ्या लावल्या. आमची पाळी शनिवारी असायची. थंडीत गोठलेल्या बोटांनी लांब दाताळं धरून फांद्या ओढायला मला मुळीच आवडायचं नाही, आणि मी ते दर वेळी बोलूनही दाखवायची.

तिसऱ्यांदा पाणी आलं ते मंगळवारी दुपारी, मी सोळा वर्षांची असताना. शाळा लवकर सोडली होती. या वेळी आम्हाला चार तास आधी अंदाज होता. खुर्च्या टेबलावर, पायपुसणी आणि चपला जिन्यावर, सोफा विटांवर, गाडी वरच्या रस्त्याला. खालची वीज बाबांनी बंद केली. आई हॉस्पिटलात होती. तिनं दोनदा फोन करून हातमोज्यांची आठवण करून दिली. मग आम्ही दोघं जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन बसलो. वाकणावर पाण्यानं काठ ओलांडला, अंगण भरलं, आणि मागच्या दाराच्या खालून ते आत आलं. आवाज न करता. फरशीवरून एक पातळ, तपकिरी थर सरकत आला, टेबलाच्या पायांशी फुटला, पुन्हा जुळला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीला लागला.

मी बाबांचा हात धरला. तो गार होता. "बाबा, भीती वाटतेय?"

"वाटते ना," ते म्हणाले. "तू मॉरीनबाईंना फोन लाव आधी."

मी लावला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला. दाराच्या फळीबाहेर वीतभर आहे, ती म्हणाली, आत फरशी कोरडी आहे, कुत्रा झोपलाय. मग विचारलं, "तुमच्याकडे?"

"आलंय आत," मी म्हणाले. "घोट्याएवढं."

"येऊ दे. उतरलं की झाडू घेऊन येते."

मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खालच्या पाण्याकडे बघितलं. ते आता दुसऱ्या पायरीला लागत होतं. मग ते हळूच म्हणाले, "बरं झालं. पाणी कुठं आहे ते दिसून तरी राहिलं," आणि पायातले मोजे काढून, नीट गुंडाळून त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि पाण्यात उतरले.